पावसाचा जाहीर हिशेब

1899 च्या पावसाळ्यापूर्वी हिंदुस्थानच्या हवामान खात्याने चांगल्या पावसाचं भाकीत केलं होतं. खात्याचे प्रमुख जॉन इलियट यांची टिपणं तपशिलांनी गच्च भरलेली असत: हिमालयातला बर्फ, समुद्रावरचे वारे, मागच्या वर्षांचे आकडे. त्या वर्षी पावसाने दगा दिला. गुजरात-राजस्थानात 'छप्पनिया' या नावाने आजही लोकांच्या तोंडी असलेला दुष्काळ तो हाच, विक्रम संवत 1956 चा. खात्यावर टीकेची झोड उठली. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं असा पायंडा पडला की अंदाज बांधायचा, पण लोकांना सांगायचा नाही. गोपनीय टिपण म्हणून तो सरकारातल्या मोजक्या अधिकाऱ्यांकडे जाई आणि तिथेच राही.

शंभर वर्षांनी त्याच खात्यावर तशीच वेळ दोनदा आली. 2002 मध्ये सरासरीच्या 101 टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात 19 टक्के तूट पडली, आणि त्या जुलैत तर देशभर नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस झाला. मॉडेल बदललं, तरी 2004 मध्ये अंदाज पुन्हा फसला. या वेळी मात्र वेगळं घडलं. 2005 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. मान्सूनचा अंदाज पुन्हा एकदा का चुकला, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. लेखक तिघे. सुलोचना गाडगीळ आणि रवी नंजुंडय्या हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले. तिसरे एम. राजीवन, हे हवामान खात्याच्या पुणे कार्यालयात स्वतः अंदाजाचं काम करणारे. खात्याची चूक खात्यातल्याच माणसाने बाहेरच्या टीकाकारांबरोबर बसून उलगडली होती, आणि ती कुणालाही वाचता येईल अशा जागी छापली होती.

सरकारी संशोधन संस्था आपलं ज्ञान समाजाला कसं देतात, ते धोरणात कसं उतरतं, त्यातून नवं काय जन्मतं, यावर परिषदांमधून पुष्कळ बोललं जातं. मला या प्रश्नाचं सगळ्यात खरं उत्तर पावसाच्या अंदाजाच्या इतिहासात दिसतं. एक तर हे ज्ञान दरवर्षी जून ते सप्टेंबर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तपासलं जातं. आणि दुसरं म्हणजे या इतिहासाची बरीच पानं पुण्यात लिहिली गेली आहेत.

खात्याचा जन्मच आपत्तींतून झाला. 1864 मध्ये कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं, 1866 आणि 1871 मध्ये पाऊस हुकला, आणि 1875 मध्ये हवामान खातं उभं राहिलं. लगेच पुढच्या वर्षी दख्खनचा भीषण दुष्काळ आला. सरकारने पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे अंदाज मागितला. हिमालयात बर्फ जास्त साठला तर पुढे पाऊस कमी पडतो, असा संबंध ब्लॅनफर्डना दिसला होता. त्यावर आधारलेला पहिला रीतसर अंदाज 4 जून 1886 रोजी निघाला. थोडक्यात, धोरणाला गरज होती म्हणून विज्ञान कामाला लागलं. सरकारला महसूल आणि धान्याची चिंता होती. कुळवाड्याला काय हवं, हे त्या पहिल्या अंदाजांच्या वेळी कुणी विचारल्याचं दिसत नाही.

1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते केंब्रिजचे गणिती, हवामानशास्त्राचा पूर्वानुभव शून्य. त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचे दाब, तापमान आणि पावसाचे आकडे गोळा केले आणि हिंदी कारकुनांच्या फौजेकडून वर्षानुवर्षं हातांनी सहसंबंध काढून घेतले. त्या आकडेमोडीतून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरच्या हवेच्या दाबाचं एक लयबद्ध वर-खाली होणं समोर आलं, ज्याला वॉकरनी 'सदर्न ऑसिलेशन' असं नाव दिलं. एल निनोशी त्याचं नातं जेकब ब्यर्कनेस यांनी 1960 च्या दशकात जुळवलं. आज पेरूच्या किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलियापर्यंतचे देश ज्याच्या आधारे शेती आणि मासेमारीची आखणी करतात, त्या ज्ञानाचं मूळ हिंदुस्थानातल्या दुष्काळाच्या धास्तीत आहे. आणि ते मिळालं कारण देशोदेशीच्या वेधशाळा आपले आकडे एकमेकींना देत होत्या.

1928 मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात हललं. शिवाजीनगरची ती दगडी, मनोऱ्याची इमारत पुणेकरांच्या लेखी अजूनही सिमला ऑफिस आहे. पीएमपीचा थांबाही त्याच नावाचा. मुख्यालय पुढे 1944 मध्ये दिल्लीला गेलं, पण बरंच काही मागे राहिलं. 1932 मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाताखाली इथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. पिकाच्या बुंध्याशी, जमिनीलगतच्या काही सेंटिमीटरांत हवा कशी वागते याचा अभ्यास त्या काळी जगात थोडेच लोक करत होते. 1945 मध्ये शेतकऱ्यांसाठीची हवामानवार्ता आकाशवाणीवरून सुरू झाली. अ‍ॅना मणी 1948 मध्ये पुण्यात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणंही परदेशातून येत. त्यांनी सुमारे 100 उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले आणि ती देशात बनू लागली. ज्याला आपण आज नवोन्मेष म्हणतो, त्याची ही फार प्रामाणिक आवृत्ती आहे. आराखडा एकदा सार्वजनिक मालकीचा झाला की त्यावरून कुठल्याही कार्यशाळेत तेच मोजमाप देणारं यंत्र बनतं. 1962 मध्ये पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आली, तीच आजची पाषाणची आयआयटीएम.

आता पुन्हा 2002 कडे. 1988 पासून खातं वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी बांधलेलं 16 घटकांचं मॉडेल वापरत होतं. समुद्राचं तापमान, वाऱ्यांची दिशा, बर्फाचं आच्छादन असे सोळा संकेत घेऊन देशाचा चार महिन्यांचा एकूण पाऊस सांगायचा. तेरा-चौदा वर्षं अंदाज 'सामान्य' येत गेला आणि पाऊसही सामान्याच्या आसपास पडत गेला. मॉडेलचा दबदबा वाढला, गोवारीकरांचं नाव घराघरांत पोचलं. पण त्या सगळ्या काळात देशव्यापी मोठा दुष्काळ आलाच नव्हता. ज्या प्रसंगासाठी मॉडेल हवं होतं, त्या प्रसंगाने त्याची परीक्षा घेतलीच नव्हती. 2002 ने ती घेतली.

त्यानंतरचं खात्याचं वागणं मला मोलाचं वाटतं. 2003 साठी नवी मॉडेल आली, ती कशी बांधली हे छापून आलं, अंदाज दोन टप्प्यांत देणं सुरू झालं. 2009 मध्ये पुन्हा मोठी चूक झाली. 22 टक्के तूट खात्याला आधी दिसली नाही. 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू झालं आणि समुद्र-वातावरण एकत्र सोडवणाऱ्या, महासंगणकावर चालणाऱ्या मॉडेलकडे वळण घेतलं गेलं. 2015 च्या जूनमध्ये खात्याने 88 टक्के पावसाचा अंदाज दिला, म्हणजे दुष्काळाचा इशाराच, आणि पाऊस 86 टक्के झाला. वाईट बातमी आधी आणि जाहीरपणे सांगण्याची हिंमत तोवर आलेली होती. 1902 च्या आसपासच्या त्या गोपनीय टिपणांपासून इथवरचं अंतर मोठं आहे.

तरी या चार महिन्यांच्या आकड्याचा उपयोग कुणाला? देशाची सरासरी 87 सेंटिमीटर. तिच्या 96 ते 104 टक्के म्हणजे सामान्य. रिझर्व्ह बँकेला महागाईचा विचार करताना हा आकडा लागतो, अन्नधान्याच्या साठ्याचा निर्णय घेणाऱ्यांना लागतो. रत्नागिरीत 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मराठवाड्यात 700 च्या आसपास. दोघांना एकाच 'सामान्य'मध्ये बसवलं की जालन्याच्या कापूसवाल्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याचा प्रश्न ठरलेला असतो: पेरणी करावी की थांबावं?

सुलोचना गाडगीळांचं मोठेपण इथे आहे. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, हार्वर्डहून पीएच.डी. करून परतलेल्या आणि काही काळ आयआयटीएममध्येही काम केलेल्या या शास्त्रज्ञ मान्सूनच्या मूळ यंत्रणेवर जगाने दखल घ्यावी असं काम करत होत्या. 1980 मध्ये त्यांनी आणि डी. आर. सिक्का यांनी उपग्रहचित्रांवरून ढगांचा पट्टा भारतावर कसा उत्तरेकडे सरकत राहतो हे दाखवलं. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. कर्नाटकातलं पावगडा आणि शेजारचं अनंतपूर या कोरड्या पट्ट्यात भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्या आणि त्यांचे सहकारी बसले. अनेक दशकांच्या पावसाच्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचं मॉडेल त्यांच्याकडे होतं. कीड कधी पडते, कुठल्या ओलीवर पेरणी फसते, हे शेतकऱ्यांना माहीत होतं. दोन्ही एकत्र केल्यावर पेरणीची कुठली तारीख किती जोखमीची हे मांडता आलं. प्रश्न शेतकऱ्याने विचारला आणि शास्त्रज्ञाने तो सोडवायला घेतला, असा हा क्रम. सरकारी विज्ञानात तो उलटाच असतो.

2006 मध्ये त्यांनी सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासह 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक निबंध लिहिला. हरितक्रांती झाली, अर्थव्यवस्थेत शेतीचा वाटा घटला, तरी तीव्र दुष्काळाचा फटका राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2 ते 5 टक्के एवढाच राहिला आहे, असं त्यात दाखवलं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तूट जेवढं नुकसान करते तेवढा फायदा चांगला पाऊस करून देत नाही, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं. कारण साधं आहे. पावसाचा भरवसा नसलेला कोरडवाहू शेतकरी खतावर, औषधावर खर्च करायला धजत नाही. वर्ष चांगलं निघालं तरी पीक बेताचंच येतं. म्हणजे 'यंदा दुष्काळ नाही' हे खात्रीने सांगणं 'यंदा दुष्काळ आहे' इतकंच मोलाचं आहे. धोरण आखणाऱ्यांनी हा निबंध नीट वाचला असता तर अंदाजाचं यश मोजण्याची पट्टीच बदलली असती. गाडगीळ 2025 च्या जुलैत गेल्या. त्यांच्यावर वर्तमानपत्रांत आलेल्या बहुतेक मजकुरात पावगड्याचा उल्लेख ओझरताच होता, याचं मला वाईट वाटलं.

अंदाजापेक्षाही न दिसणारी एक देणगी पुण्याच्या कार्यालयाने दिली आहे, ती आकड्यांची. देशभरच्या हजारो पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासून, चुका गाळून, संपूर्ण देशावर साधारण 25 किलोमीटरच्या चौकटींची जाळी टाकून 1901 पासूनचा रोजचा पाऊस तयार केला गेला. तो आज कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. याच परंपरेतली थोड्या मोठ्या चौकटींची आधीची जाळी वापरून बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं की 1951 ते 2000 या काळात मध्य भारतात एका दिवसात 100 मिलिमीटरच्या वर कोसळण्याचे प्रसंग वाढले आणि मध्यम पावसाचे घटले. बेरीज मात्र जवळपास तीच राहिली! सरासरी बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसलं नसतं. 2017 मध्ये आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 या काळात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं मांडलं. आकडे कपाटात राहिले असते तर यातलं काही कळलं नसतं. विमा कंपन्या, बियाणं कंपन्या, मोबाइलवरची हवामानाची अ‍ॅप, सगळ्यांच्या पायाशी हीच सार्वजनिक नोंद आहे, आणि तिचं ऋण फार थोडे मान्य करतात.

ज्ञान निर्णयात कसं उतरतं याचं सगळ्यात लख्ख उदाहरण मात्र ओडिशात आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10,000 माणसं गेली. 12 ऑक्टोबर 2013 ला फायलिन गोपाळपूरजवळ धडकलं, तेव्हा 10 लाखांच्या आसपास लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. अंदाज सुधारला हे खरं, पण तेवढ्याने हे झालं नाही. मधल्या 14 वर्षांत निवारे बांधले गेले होते, जिल्हाधिकाऱ्यापासून गावच्या स्वयंसेवकापर्यंत कुणी काय करायचं हे ठरलेलं होतं, सराव झालेले होते. हवामान खात्याचा निरोप पोचला की तो कुणाच्या हाती पडणार हे माहीत होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आपल्याकडेही ही साखळी बऱ्यापैकी चालली.

शेतीच्या पावसाला अशी साखळी नाही. म्हणजे होती, आणि ती आपण तोडली.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा, आणि त्यानुसार सोयाबीनला, कापसाला, तुरीला, जनावरांना काय करावं, ते मराठीतून. या पत्रकांमागचं काम चांगलं आहे. जूनमधल्या पत्रकात एक वाक्य हटकून असतं: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हे वाक्य किती दुबार पेरण्या वाचवतं याचा हिशेब कुणी मांडत नाही. पण 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाचा पाऊस' हे वाचून गेवराईच्या शेतकऱ्याला आपल्या वावराबद्दल काय समजायचं? खात्याच्या व्याख्येत तुरळक म्हणजे त्या विभागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर. हे वाचणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो म्हणतो, सांगितला पाऊस आणि आला नाही. यूट्यूबवर गावाच्या नावानिशी पाऊस सांगणाऱ्यांचे लाखो श्रोते या पोकळीत तयार झाले आहेत. त्यांच्या अंदाजामागचं शास्त्र तपासायला हवं, हे बरोबर. पण ते रानातल्या माणसाशी रानातल्या भाषेत बोलतात आणि त्याचा फोन उचलतात, हेही शिकायला हवं.

फोन उचलणारी माणसं सरकारनेही नेमली होती. 2018 पासून देशातल्या 199 कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी हवामान घटक उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी एक कृषी हवामान तज्ज्ञ आणि एक निरीक्षक. जिल्ह्याचा अंदाज तालुक्यापर्यंत उतरवायचा, व्हॉट्सअ‍ॅप गटांत टाकायचा, मेळाव्यांत जायचं, आलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. असे पाचशेहून अधिक घटक करायचा मूळ बेत होता. 2024 च्या सुरुवातीला आहेत तेही गुंडाळण्यात आले. नोंदी आता आपोआप होतात, सल्ला मध्यवर्ती ठिकाणाहूनही देता येईल, असा युक्तिवाद त्यामागे होता.

मला हा निर्णय साफ चुकीचा वाटतो. यंत्र तापमान नोंदवतं, हे कबूल. पण वापसा आला नसताना तिफण घालू नका, तुमच्या भारी जमिनीला शेजारच्या मुरमाड रानापेक्षा दोन दिवस जास्त थांबावं लागेल, हे यंत्र सांगत नाही. आणि गेल्या आठवड्यात तुमचा अंदाज चुकला, माझी फवारणी वाहून गेली, हे ऐकून घेऊन वर कळवणाराही कुणीतरी लागतो. पुण्यात बसलेल्या शास्त्रज्ञाला आपली चूक कुठे झाली हे कळण्याचा तोच एक रस्ता होता. महासंगणकांवर शेकडो कोटी खर्च करणाऱ्या देशाला जिल्ह्यामागे दोन माणसांचा पगार जड होऊ नये. आयआयटीएममध्ये 2024 मध्ये 'अर्क' हा महासंगणक बसला, 26 मे 2025 ला 6 किलोमीटर चौकटीवर चालणारी भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. ही दोन्ही कामं अभिमानाची आहेत. अंदाज जितका बारीक होत जाईल तितका तो समजावून सांगणारा माणूस जास्त लागेल, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्याच मे महिन्याचं उदाहरण घ्या. 2025 मध्ये मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबई-पुण्यात पोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. राज्यभर मेच्या उत्तरार्धात धो धो पाऊस झाला, मशागती अडल्या आणि अनेकांचे हात बियाण्याच्या पिशवीकडे गेले. घाई करू नका, असं कृषी विभाग सांगत होता. आणि खरोखरच मान्सूनची पुढची वाटचाल जवळपास तीन आठवडे थबकली.

त्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने एक मोठा प्रयोग केला. 13 राज्यांतल्या 3.8 कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचा अंदाज चार आठवडे आधीपासून एसएमएसने पाठवला, काही भागांत मराठीतूनही. अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या मॉडेलचा होता: गुगलचं न्यूरलजीसीएम, युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राचं मॉडेल आणि हवामान खात्याच्या 125 वर्षांच्या पावसाच्या नोंदी यांचं मिश्रण. मान्सून मध्येच थांबेल हे त्यात आधी दिसलं होतं. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये फोनवरून केलेल्या पाहणीत 31 ते 52 टक्के शेतकऱ्यांनी मशागत किंवा पेरणीचा बेत बदलल्याचं सांगितलं. नव्यातलं नवं तंत्रज्ञान सिमला ऑफिसच्या परंपरेतल्या नोंदवह्यांवर उभं आहे, हे इथे ठळक दिसतं. पण एसएमएसला उलट प्रश्न विचारता येत नाही. 2024 मध्ये बंद झालेले घटक चालू असते तर या 3.8 कोटी निरोपांना कान लाभले असते.

आता अशा एका आकड्याकडे वळू या, जो विज्ञानातून थेट शासन निर्णयात गेला आणि तिथे गोठून बसला. हवामान खात्याच्या वर्गीकरणात 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार पाऊस धरतात. महाराष्ट्रात पीकनुकसानीच्या मदतीसाठी महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी मानली जाते. हवामानशास्त्रज्ञांनी वर्णनाच्या सोयीसाठी आखलेली रेघ अशी कुणाच्या तरी खात्यात पैसे येणार की नाही याची रेघ झाली.

मंडळात वीस-पंचवीस गावं, आणि यंत्र एका ठिकाणी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला फक्त 73 पडला होता. मंडळाच्या एका टोकाला ढग फुटला आणि यंत्रावर 40 नोंदले गेले, तर कागदावर अतिवृष्टी झालीच नाही. दुसरी अडचण घड्याळाची. पावसाचा दिवस परंपरेने सकाळी साडेआठला संपतो. पहाटे तीनला सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेल्या पावसाचे साडेआठपूर्वी 45 आणि नंतर 50 पडले, तर नऊ तासांत 95 मिलिमीटर होऊनही दोन्हीपैकी एकाही दिवसाने 65 ओलांडलेलं नसतं. दर तासाची नोंद करणारी स्वयंचलित केंद्रं 2,000 हून अधिक मंडळांत महावेध प्रकल्पातून बसलेली आहेत. सलग कुठलेही 24 तास धरून हिशेब करणं आज अवघड नाही. त्यासाठी फक्त शासन निर्णयातलं वाक्य बदलावं लागेल.

वाक्यं बदलतात, याचा पुरावाही आहे. दिवसाला 65 न पडताही रोज रिपरिप पडून पीक सडतं, ही शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं होती. एप्रिल 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' ही आपत्ती म्हणून मान्य केली: सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलिमीटर, दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा दीडपट पाऊस, आणि उपग्रहावरून मोजलेला पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक. या निकषांत त्रुटी काढता येतील. पण रानातली तक्रार, पावसाच्या नोंदी आणि उपग्रहाचं चित्र एका शासकीय व्याख्येत प्रथमच एकत्र आली. पावगड्यात जे एका संशोधनगटाने केलं होतं, त्याच्या जवळ जाणारं काहीतरी सरकारने केलं.

पुढचं काम सुरू झालं आहे. केंद्राने जुलै 2023 मध्ये जाहीर केलेल्या विंड्स योजनेत तालुक्याला हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक बसायचे आहेत. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. इतकी यंत्रं बसली की पावसाबद्दलचं आपलं ज्ञान कधी नव्हे इतकं दाट होईल, आणि विम्याचे, मदतीचे तंटेही तितकेच दाट होतील. म्हणून यंत्र कुठे बसवलं, ते शेवटचं कधी तपासलं, काल त्याने किती पाऊस नोंदला, हे त्या त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज सकाळी लागलं पाहिजे, आणि नोंद चुकली असं गावाला वाटलं तर हरकत नोंदवायची मुदत आणि जागा ठरलेली पाहिजे. यात गावाला न समजणारं काही नाही. जवळचं झाड किंवा भिंत पर्जन्यमापकाच्या तोंडापेक्षा जितकी उंच असेल, त्याच्या किमान दुप्पट अंतर दोघांत हवं, हा हवामान खात्याचा जुना नियम आहे, आणि तो पाळला गेलाय का हे जिल्हा परिषदेच्या शाळेतली आठवीची मुलंही टेप लावून तपासू शकतात.